आधी गावातली एक भिंत, मग नेपाळातलं घर : परदेशात घरबांधणीला जाणाऱ्या नवख्यांसाठी

२००६च्या दिवाळीनंतर लोणावळ्याजवळच्या मळवली भागात जगभरातले स्वयंसेवक जमले आणि गरजू कुटुंबांच्या शंभर घरांचं काम त्यांनी अंगावर घेतलं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते आणि तेही त्या कामावर होते. हे काम घडवून आणणारी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था १९७६ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सुरू झाली. ती भारतात १९८३पासून आणि नेपाळात १९९७पासून काम करते. तेव्हा परदेशातले हात आपल्याकडे आले होते. आता जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं-मुली उलट दिशेने जायला निघाली आहेत. त्यांना लागणारी माहिती इथे एका ठिकाणी दिली आहे. भर नेपाळवर आहे, कारण खान्देशातून तिथे जाणं खिशाला सर्वांत परवडतं. शिवाय तिथल्या बांबूच्या भिंतीचं काम सातपुड्यातल्या कुडाशी इतकं जुळतं की आपला माणूस तिथे दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडू शकतो.

तिथे आपलं काम काय, हे आधी समजून घ्या. स्वयंसेवक घर ‘बांधून देत’ नाही. घर त्या कुटुंबाचं असतं, बांधणारा तिथला गवंडी असतो, आणि आपण बिगारी असतो. विटा वाहणं, माती मळणं, बांबूच्या कांब्या विणणं, रेती चाळणं, पाणी मारणं, रंग देणं ही आपली कामं. घरातली माणसंही सोबत राबतात, कारण स्वतःच्या घरासाठी अंगमेहनत देणं ही या पद्धतीतली अटच असते. घर साधारणपणे फुकट मिळत नाही. कुटुंब काही रक्कम स्वतः घालतं किंवा सोप्या हप्त्याचं कर्ज फेडतं. म्हणून तिथे दान द्यायला आल्याच्या तोऱ्यात कुणी उभं राहिलं की सगळ्यांनाच अवघड होतं.

संस्था निवडताना विचारायचे प्रश्न

घरबांधणीच्या नावाखाली सहल विकणारेही बरेच आहेत. पैसे भरण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी विचारा. जमीन कुणाच्या नावावर आहे? कुटुंब कुणी निवडलं आणि कशावरून? आमच्या पैशातले किती प्रत्यक्ष घरात जातात आणि किती राहण्या-जेवणात? गवंडी पगारी आहे का, आणि तो त्याच भागातला आहे का? आम्ही परतल्यावर उरलेलं काम कोण आणि कधी पुरं करणार? शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही तर तिथे जाऊ नका. आठ दिवसांत घर पायापासून छपरापर्यंत होतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मातीचा पहिला थर वाळायलाच आठवडा-दहा दिवस लागतात. खऱ्या कामात एक तुकडी कुड विणते, दुसरी माती लावते, तिसरी रंग देते. आपल्या वाट्याला मधला एखादाच टप्पा येतो, आणि तसंच असायला हवं.

आणखी एक खूण सांगतो. कुठलंही काम न शिकवता ‘फक्त या, हातभार लावा’ म्हणणाऱ्या ठिकाणी तुम्ही तिथल्या मजुराचा रोज मारता. चांगली संस्था गवंड्याचं काम गवंड्याकडेच ठेवते आणि त्याला मदतनीस म्हणून तुम्हाला जोडते.

जाण्याआधी आठ दिवस गावातच

आमचा आग्रह सगळ्यात जास्त इथे आहे. विमानाचं तिकीट काढण्याआधी आपल्या तालुक्यात चालू असलेल्या एखाद्या घरकुलावर सलग आठ दिवस काम करा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असतं. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. ते बहुतेकदा पुरत नाहीत, म्हणून लाभार्थी कुटुंब मजुरी वाचवायला स्वतः राबतं. अशा घरी फुकटचे दोन हात कुणाला नको असतात? आदिवासी कुटुंबांची शबरी घरकुलं आणि अनुसूचित जातींसाठीची रमाई घरकुलंही असतात. कुठे काम चालू आहे ते ग्रामसेवक सांगू शकतात. गवंड्याला ‘शिकायला आलोय, सांगाल ते करतो’ एवढंच सांगा.

त्या आठ दिवसांत पुढच्या गोष्टी हातात बसायला हव्यात.

काटकोन काढणं. दोरीने एका बाजूला ३ फूट आणि दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजा. तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा गुण्यात आहे. मोठ्या खोलीला ६, ८ आणि १० घ्या, म्हणजे चूक कमी राहते. चारही भिंतींच्या दोऱ्या बांधून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर दोरी हलवा, पाया खोदल्यावर हळहळत बसू नका.

पाणसळ. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवणं सोपं आहे. चूक एकाच गोष्टीत होते: नळीत हवेचा बुडबुडा राहतो आणि पातळी बोटभर खोटी दिसते. नळी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते आधी बघा.

वीट आणि माल. वीट आधी पाण्यात भिजवून, वरचं पाणी निथळल्यावर लावतात. कोरडी वीट मालातलं (सिमेंट-रेतीच्या मिश्रणातलं) पाणी शोषून घेते, सिमेंट नीट धरत नाही आणि महिन्याभरात सांधा नखाने उकरता येतो. नऊ इंची भिंतीला सहसा एक भाग सिमेंट आणि सहा भाग रेती लागते. सांधा साधारण १० मिलिमीटरचा. उभ्या सांध्यावर उभा सांधा कधीच येऊ देऊ नका. एका घनमीटर बांधकामाला साधारण ५०० मॉड्युलर विटा लागतात. एक वीट तीन-साडेतीन किलोची धरली तर दिवसाला किती ओझं उचलावं लागेल त्याचा हिशेब लागतो. भिंत एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच नेऊ नका, खालचा ओला माल दबून भिंत ओळंब्यातून जाते. पाणी घालून कालवलेला माल दोन तासांच्या आत संपवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो ‘जिवंत’ करणं हा गवंड्यांकडेही दिसणारा दोष आहे. नवख्याने तो शिकू नये.

पाणी मारणं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) आणि कोरड्या हवेत दहा दिवस. एप्रिल-मेमध्ये खान्देशात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी मारून भागत नाही. गोणपाट ओलं करून भिंतीवर टाकावं लागतं.

कागदपत्रं, वेळ, पैसा

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं. फक्त आधारवर निघू नका, ते सरसकट चालत नाही. तरीही पासपोर्ट काढूनच ठेवा. पासपोर्टच्या संकेतस्थळावर अर्ज भरून जवळच्या टपाल कार्यालयातल्या केंद्राची वेळ घेता येते. आधार, मार्कशीट आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असेल तर अर्जाआधी ते एकसारखं करून घ्या. खान्देशातल्या पोरांचे अर्ज इथेच अडकतात. वडिलांचं नाव एका कागदावर आणि आडनाव दुसऱ्यावर, असा प्रकार सर्रास असतो.

नेपाळ सोडून दुसऱ्या देशात जात असाल तर पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालतं का, हे त्या देशाच्या वकिलातीकडून आणि संस्थेकडून लेखी घ्या. अनेक देशांत चालत नाही. ‘विचारलं तर फिरायला आलोय म्हणा’ असं शिकवणारी संस्था सोडून द्या, कारण विमानतळावर अडकतो तो तुम्ही. आफ्रिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशात जायचं तर त्याची लस सरकारमान्य केंद्रावर, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. पिवळं प्रमाणपत्र नसेल तर परत येताना भारतात तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात.

नेपाळात जून ते सप्टेंबर पावसाळा, तेव्हा मातीकाम बंद. ऑक्टोबरच्या सुमाराला दशैं येतो, म्हणजे आपला दसरा, आणि पाठोपाठ तिहार. या दिवसांत गवंडी आपापल्या घरी असतात. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, दाट धुकं पडतं, माती वाळत नाही. कामाला चांगले महिने नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते एप्रिल. कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर आणि गहू-दादर (रब्बी ज्वारी) काढणीला येण्याआधी फेब्रुवारीत जी फट मिळते, ती शेतकरी घरातल्यांना सोयीची.

भुसावळहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. गोरखपूरहून सोनौलीची सरहद्द रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर आहे. पूर्व नेपाळातल्या झापा भागात जायचं असेल तर न्यू जलपायगुडीला उतरून पानीटंकीमार्गे काकडभिट्टा गाठतात. आपले १०० रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर बांधलेला आहे. भारतीय पैसे शंभराच्या नोटांत ठेवा, मोठी नोट घ्यायला दुकानदार कुरकुरतात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. रविवारी कामावर जायचं, हे बहुतेक नवख्यांच्या लक्षातच राहत नाही.

खर्चाची वही करा आणि तिच्यात सहा रकाने ठेवा: प्रवास, संस्थेला द्यायची बांधकामाची रक्कम, राहणं-जेवण, विमा, लसी आणि औषधं, हातखर्च. गावात वर्गणी काढत असाल तर यातला कुठला रकाना वर्गणीतून आणि कुठला स्वतःच्या खिशातून, हे देणाऱ्याला आधी सांगा. आमच्या मते प्रवास आणि हातखर्च स्वतःचाच असावा. लोकांनी घरासाठी दिलेला रुपया घरातच जावा. विमा घेताना कागद पूर्ण वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत अंगमेहनतीच्या कामात झालेली इजा बसत नाही. बांधकामावरचं स्वयंसेवी काम आणि आजारी माणसाला मोठ्या शहरात हलवण्याचा खर्च, दोन्ही त्यात लिहिलेलं हवं.

डॉक्टरांकडे निघण्याच्या दीड महिना आधी जा. धनुर्वाताचा डोस चालू आहे का ते बघा, टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए बद्दल विचारा. तराईत जपानी मेंदूज्वर, डेंगी आणि काही भागांत हिवताप असतो, म्हणून मच्छरदाणी आणि अंगाला लावायचं मलम न्या.

बांबूचं घर : खान्देशी माणसाला ओळखीचं काम

धडगाव-अक्कलकुव्याकडे बांबू, पऱ्हाट्या नाहीतर तुराट्यांचा कुड विणून त्यावर माती आणि शेण लिंपतात. तराईतल्या घराचं तत्त्व हेच आहे. फरक चौकटीत आणि पायात आहे. सातपुड्यात खांब थेट जमिनीत रोवतात. काही वर्षांत ओल आणि वाळवी जमिनीलगतचा भाग खाते आणि घर एका अंगाला बसतं. नव्या पद्धतीत बांबू जमिनीला टेकतच नाही. तो काँक्रीटच्या किंवा विटांच्या जोत्यावर, लोखंडी पट्टीत किंवा सळईत धरलेला असतो. वर पत्र्याचं छप्पर भिंतीबाहेर चांगलं पुढे काढलेलं असतं. पायाला ओल लागू द्यायची नाही आणि अंगावर पाऊस घ्यायचा नाही, या दोन गोष्टींवर बांबूचं आयुष्य ठरतं.

बांबू तीन ते पाच वर्षांचा हवा. कोवळ्या बांबूत साखर-पिठाचा अंश जास्त असतो, त्याला भुंगा लागतो आणि आतून पिवळी भुकटी पडायला लागते. आपल्याकडे बांबू अंधाऱ्या पक्षात तोडतात, तसं तिथली जुनी माणसंही सांगतात. पण घरासाठी तेवढ्यावर भिस्त ठेवत नाहीत. गाठी आतून आरपार भोसकून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू भिजत ठेवतात आणि मग सावलीत वाळवतात. उन्हात वाळवला तर तो उभा तडकतो. तुमच्यापुढे आलेल्या बांबूला उभी चीर दिसली तर तो मिस्त्रीला दाखवा, तसाच वापरू नका.

बांबूत खिळा ठोकू नका. तो सरळ फाटतो. आधी ड्रिलने भोक पाडून बोल्ट घालतात आणि शक्यतो गाठीजवळ घालतात, कारण पोकळ पेर बोल्टच्या दाबाने चेपतं. काही ठिकाणी बोल्टच्या पेरात सिमेंटचा माल भरतात. सळईची तार पिळताना दोन पिळ जास्त घेऊ नका, तुटली की सगळं पुन्हा.

नवख्यांचा बहुतेक वेळ कांब्यांत जातो. बांबू कोयत्याने चिरून साधारण दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या काढतात. चिरलेल्या कडेवर ब्लेडसारखी धार असते. हातमोजे काढून कांबी हातातून ओढली की तळहात कापलाच म्हणून समजा. चौकटीत कांब्या एक पुढे एक मागे अशा विणतात, आणि दोन कांब्यांत बोट जाईल एवढी फट सोडतात. बांबूची गुळगुळीत पाठ मातीला धरत नाही, माती धरतं ते आतलं खरबरीत अंग. म्हणून ते अंग बाहेर ठेवायचं. विणताना नवखे फट बंद करायला बघतात, कारण घट्ट विण दिसायला छान. मातीला मात्र फट हवी. दोन्ही बाजूंची माती फटीत भेटते, तेव्हाच ती कुडाला पकडून बसते.

माती मळणं आणि लिंपणं

खान्देशातल्या काळ्या मातीने भिंत लिंपली तर वाळल्यावर बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपल्याकडे कुणालाही माहीत आहे. म्हणूनच धाब्याच्या छतावर आपण पांढरी माती टाकतो. तराईतली मातीही प्रत्येक शेतात वेगळी असते, म्हणून रोज नवी माती आली की ती तपासून घ्या. पाण्याच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा. मिनिटभरात तळाशी बसते ती रेती, तासा-दोन तासांत बसते ती गाळाची बारीक माती, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वर तरंगत राहून मग बसते ती चिकणमाती. चिकण भाग जास्त दिसला तर रेती वाढवा.

दुसरी चाचणी हातावरची. ओल्या मातीची अंगठ्याएवढी जाड वळी करून पाटाच्या कडेवरून हळूहळू पुढे ढकला. पाच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती भुसभुशीत आहे. पंधराच्या पुढेही लोंबत राहिली तर चिकण जास्त आहे, ती तडकणार. मधे कुठेतरी तुटली की काम झालं.

तीन ते पाच सेंटिमीटर कापलेला पेंढा आणि शेण मिसळून माती पायांनी तुडवा आणि किमान रात्रभर मुरू द्या. दोन-तीन दिवस मुरली तर आणखी चांगली. वास येतो, तो यायलाच हवा. सकाळी मळून दुपारी लावलेली माती भिंतीवरून सुटते, कारण पेंढा मऊ झालेला नसतो आणि ढेकळं आतून कोरडीच राहतात.

आता लिंपताना बघा. एकटा माणूस एका बाजूने माती दाबतो, तेव्हा कांबी पलीकडे लवते आणि हात काढला की परत येते. त्या झटक्याने पलीकडची ओली माती धप्पकन खाली पडते. दिवसभर हेच चालतं आणि ‘माती वाईट आहे’ असं म्हटलं जातं. दोष मातीत नसतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक माणूस उभा करा, दोघांनी गोळा घेऊन एकाच जागी, एकाच वेळी तळहाताने दाबा. फटीतून समोरच्याचा दाब आपल्या हाताला जाणवला की माती आत भेटली. खालून वर जा. पहिला थर साधारण दोन सेंटिमीटरचा आणि मुद्दाम खरबरीत ठेवा, वर बोटांनी रेघा ओढा. त्याला भेगा पडतील, पडू द्या. तो पूर्ण वाळल्यावर भिंत पाण्याने ओली करून दुसरा पातळ थर लावतात, त्यात रेती जास्त आणि पेंढा बारीक. पहिला थर ओला असतानाच गुळगुळीत करण्याची हौस आवरा, दुसरा थर त्यावरून पापुद्र्यासारखा सुटतो. ऊन थेट पडत असेल तर भिंतीवर ओली गोणपाटं लावा.

विटांच्या घरावर काम असेल तर

२५ एप्रिल २०१५च्या ७.८ तीव्रतेच्या गोरखा भूकंपात पडलेली बहुतेक घरं चिखलात रचलेल्या दगड-विटांची होती. भिंती चार बाजूंना फाकल्या आणि छप्पर मधे कोसळलं. म्हणून आता तिथे खिडकीखाली, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचे आडवे पट्टे सगळ्या घराभोवती सलग नेतात. १९९३च्या किल्लारी भूकंपापासून आपल्याकडेही हेच सांगितलं जातं. सळई बांधायला दिली तर एक गोष्ट चुकवू नका: रिंगचं (उभ्या-आडव्या सळयांना वेढणाऱ्या कडीचं) टोक ९० अंशांत न मोडता १३५ अंशांत, आत वळवलेलं हवं. ९० अंशांचं टोक हादऱ्यात उघडतं आणि खांबाच्या सळया बाहेर फुगतात. पट्टा कोपऱ्यावर कुठेही तुटता कामा नये. रिंग आणि साच्यामध्ये कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारा ठोकळा) बसवल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका, विटेचा तुकडा ठेवून भागवलं की तो पाणी शोषतो आणि सळई गंजते.

शरीर सांभाळणं

ओल्या सिमेंटने कातडी भाजते, आणि लगेच दुखत नाही म्हणून कळत नाही. मालात गुडघे टेकून काम केलं किंवा मोज्याच्या आत माल गेला, तर संध्याकाळपर्यंत फोड येतात. माल लागताच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, नुसतं पुसू नका. डोळ्यात उडाला तर निदान वीस मिनिटं पाणी मारत दवाखाना गाठा. रबरी मोजे, पोलादी टोकाचे बूट, चष्मा, हेल्मेट हे संस्था देते का ते आधी विचारा. चपलेवर कामाला जाऊ नका. ही आपली जुनी सवय आहे आणि पायात खिळा जाण्याचं कारणही तेच.

घमेलं अर्धंच भरा. पहिल्या दिवशी उत्साहात काठोकाठ भरलेलं घमेलं डोक्यावर घेणारा तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो. ओळीने उभं राहून वीट हातोहात द्या, फेकू नका. परांचीवर मिस्त्रीने सांगितल्याशिवाय चढू नका. पाणी तहान लागण्याआधी प्या. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरतं. चमचा चहाचा.

घरमालकांशी आणि मिस्त्रीशी

भाषेची अडचण फारशी येत नाही, लिपीही आपलीच आहे. गवंड्याला ‘दाइ’ म्हणजे दादा, घरातल्या बाईला ‘दिदी’ म्हणा. इँटा म्हणजे वीट, बालुवा म्हणजे रेती, माटो म्हणजे माती, बिस्तारै म्हणजे सावकाश, पुग्यो म्हणजे पुरे. हा शेवटचा शब्द जेवताना फार कामाचा, नाहीतर ताटात भात पडतच राहतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री डाळ-भात-तरकारी, भाकरी विसरा. ‘जुठो’ म्हणजे उष्टं. ते तिथेही कटाक्षाने पाळतात, म्हणून दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावू नका.

फोटो काढण्याआधी विचारा, मुलांचे तर आईला विचारल्याशिवाय नकोच. पडक्या जुन्या झोपडीसमोर कुटुंबाला उभं करून काढलेला फोटो वर्गणीसाठी वापरू नका. एका कुटुंबाला हातात पैसे किंवा महागाच्या भेटी देऊ नका, शेजारच्या घरांत वितुष्ट येतं. द्यायचंच असेल तर ओळंबा, थापी, पाणसळाची नळी अशी हत्यारं संस्थेमार्फत पुढच्या घरासाठी ठेवून या.

शेवटचा दिवस

कार्यक्रमाच्या घाईत शेवटचा दिवस वाया जातो. सकाळी अर्धा तास काढून मिस्त्रीसोबत घराभोवती एक फेरी मारा आणि वहीत लिहा: कुठल्या भिंतीचा पहिला थर किती तारखेला लागला, दुसरा कधी लावायचा, कुठल्या पट्ट्याचं काँक्रीट कधी ओतलं आणि त्याला किती दिवस पाणी मारायचं राहिलं. हत्यारं मोजून, धुऊन, तेल लावून द्या, सिमेंटचं घमेलं तसंच सोडलं तर ते दुसऱ्या तुकडीला दगड होऊन मिळतं. उघड्या पोत्याचं तोंड बांधून ते फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. ती यादी दिदीला आणि मिस्त्रीला दोघांनाही वाचून दाखवा, नेपाळी तारखांसह, कारण तिथलं कॅलेंडर विक्रम संवताचं आहे आणि आपली १२ तारीख त्यांच्या १२ तारखेला पडत नाही. परतल्यावर आठ दिवसांनी संस्थेला एक फोन करा आणि विचारा, पट्ट्याला पाणी मारलं का.